रोगजंतूंवर दोन शब्द

लेकीच्या, सायलीच्या साखरपुड्यात मुलाकडच्यांना बोट ठेवायला जागा मिळणार नाही, असं हैबतरावांनी रिहे गावच्या पारावर छातीठोकपणे सांगितलं होतं. बासुंदी घरच्या म्हशींच्या दुधाची होती, आणि मानपानातून तर कोणी सुटणारच नव्हतं!

कोणी सुटलंही नाही. पांढऱ्या टोपीतले एक गुरुजी मांडवात शिरले. आपल्या गोतातले नाहीत, म्हणजे मुलाच्या गावाहून, माल्याहून आलेले, मुलाकडचे. नाव विचारलं तर पाहुण्यांचा अपमान व्हायचा. हैबतरावांनी त्यांना फेटा बांधला, नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला उभं केलं. भाषणं आटपल्याशिवाय आपल्याकडे पंगत बसत नाही.

"दिलेल्या विषयावरच बोलतो," गुरुजी म्हणाले. "रोगजंतू."

विषय मुलाकडच्यांनी दिला असेल, शिकलेलं घर आहे, असं हैबतरावांना वाटलं. गुरुजींनी सुरुवात केली ती 'जन्' या संस्कृत धातूपासून. जन्माला आला तो जंतू. जुन्या ग्रंथांत माणसालाही जंतूच म्हणत. पुढे सूक्ष्मदर्शकात बारीक जीव दिसले, त्यांच्यामुळे आजार होतात हे कळलं, आणि हा शब्द त्यांना चिकटला तो चिकटलाच. यात पाऊण तास गेला. मग जिवाणू वेगळे, विषाणू वेगळे. विषाणूतलं विष शोधत गुरुजी थेट लॅटिन भाषेपर्यंत पोचले! एप्रिलचं ऊन होतं. पत्र्याखाली बासुंदी गपगुमान आंबत होती. तुळजाबाईंनी नवऱ्याला दोनदा खुणावलं. पण व्याह्यांच्या माणसाला गप्प बसवून लेकीचं जमलेलं लग्न कोण मोडून घेईल? हैबतराव मान डोलावत राहिले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरं आडवी झाली. हैबतरावांनी पोट धरूनच व्याह्यांना, म्हणजे गेणबांना, फोन लावला आणि बासुंदीबद्दल माफी मागायला लागले.

"बासुंदीचं सोडा, पोट हाय, दोन दिसांत बरं व्हईल," गेणबा म्हणाले. "पण त्ये तुमचं गुरुजी दर सणाला बोलनार असतील, तर ही सोयरीक आमाला झेपायची न्हाई."

"आमचं?" हैबतराव ताडकन उठून बसले. "मी तर तुमचं म्हणून फेटा बांधला!"

हे ऐकून गेणबा इतके हसले, की त्यांना फोन टाकून पळावं लागलं. सोयरीक वाचली.

गुरुजींचा उलगडा संध्याकाळी झाला. त्यांना बोलावलं होतं त्याच दिवशी गावच्या शाळेत भरलेल्या आरोग्य शिबिराला. तिथल्या लोकांनी तासभर वाट पाहिली आणि भाषणाशिवायच जेवून घेतलं. त्यांच्यातलं कोणीही आजारी पडलं नाही.