सर्व्हिस फॉर्मवरचे पाच उमेदवार

एप्रिलमधला शेवटचा शुक्रवार, सकाळी नऊ. ठिकाण: मस्कतजवळच्या सीबमधलं आमचं घर. हजर: मी, आमचे हे, मत्रहच्या बाजारातले कापडवाले इब्राहिमभाई आणि सुर्वेभाऊ. नाश्ता: पोहे. विषय: अमेरिका.

विषय मी ठरवत नाही, सुर्वेभाऊ ठरवतात. मूळचे चिपळूणकडचे, इथे एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. अमेरिकेतल्या एका पक्षात, राष्ट्राध्यक्षपदाला कोणी उभं राहायचं यासाठी आपसातच निवडणूक चालू आहे. तिला प्रायमरी म्हणतात. त्यातल्या पाच इच्छुकांची तुलना सुर्वेभाऊंनी एसीच्या सर्व्हिस फॉर्मवर मांडली आहे. रकाने कंपनीचेच: आवाज, गळती, थंडावा, वॉरंटी. दर शुक्रवारी तो फॉर्म घेऊन येतात आणि वाचून दाखवतात.

"सिनेटर? आवाज फार, थंडावा नाही. गव्हर्नरबाई एकदम गार, पण आतून गळती. आणि तो उद्योगपती, वहिनी, वरून चकाचक, उघडला की आत उंदराचं घरटं!" शेवटची परीक्षा सगळ्यांना एकच: "जूनच्या उन्हात सीबला टिकेल का?"

"सुर्व्या, तुला इथे मत नाही, तिथे मत नाही," इब्राहिमभाई चिडवतात. "गावच्या यादीत तरी नाव आहे काय रे?"

"आहे. पण मतदानाच्या दिवशी नेमका मी इथे शिडीवर असतो."

माझी तक्रार वेगळीच. मला लिहून ठेवायची सवय. माझ्या डायरीप्रमाणे सुर्वेभाऊ ऑक्टोबरात सिनेटरच्या बाजूने होते, दिवाळीनंतर गव्हर्नरबाईंच्या, मग उद्योगपतीच्या. मार्च संपेपर्यंत पाचही जणांना पाठिंबा देऊन झाला. तेव्हा मी डायरी पुढे ठेवून जाब विचारला, "भाऊ, माणसाने एका बाजूला राहावं."

"राहतो की! अनघाच्या समोरच्या बाजूला."

अनघा त्यांची मुलगी. मस्कतमध्ये वाढली, आता ओहायोत असते, यंदा तिथे पहिल्यांदाच मत देणार. दर शुक्रवारी आपल्या संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, ऑफिसला जाता जाता फोन करते. "बाबा, गोळ्या घेतल्या? ओके, बाय." दोन मिनिटं.

"एकदा सहज म्हटलं, तो सिनेटर बरा वाटतो," सुर्वेभाऊ सांगत होते. "अडतीस मिनिटं भांडली, वहिनी! एरवी इंग्लिश. राग आला की मराठीत बोलते. अगदी तिच्या आईसारखं." आई जाऊन चार वर्षं झाली.

तेव्हापासून तिने बाजू बदलली की सुर्वेभाऊही बदलायचे.

आज मात्र ते फॉर्म न आणताच आले. पोहे तसेच पुढ्यात. काल चौथ्यानेही माघार घेतली. उरला एकच, तो उद्योगपती.

"मग त्याची बाजू घे," इब्राहिमभाई म्हणाले. "ती शिव्या घालेल."

"तिनेच काल मेसेज केला. म्हणते, बाबा, या माणसाच्या आत नुसतं घरटं आहे. तुमचंच बरोबर होतं." सुर्वेभाऊ खाली बघत म्हणाले, "एकमत झालं. खलास."

इब्राहिमभाईंनी आपला चहा सुर्वेभाऊंकडे सरकवला.

"तिच्या लग्नाचं काढा," आमचे हे म्हणाले.

"त्यावर फोन ठेवते."

"क्रिकेट?"

"बघत नाही."

"माशाच्या कालवणात कोकम की चिंच?" मी.

"कोकम. तिलाही."

फोन साडेपाचला येतो. आता दुपारचे तीन वाजलेत. बापलेकीचं पटणार नाही असे सात विषय मी कागदावर लिहिले आणि सुर्वेभाऊंना विचारून सातही खोडले. आठवा अजून सापडायचा आहे.