ब्राउझरनं हलवलेला वजीर

सांगून कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा असा माझा आग्रहही नाही. पण गेल्या आठवड्यातल्या अपडेटनंतर माझ्या मोबाईलमधला ब्राउझर इतका चपळ झाला, की मी बोट लावायच्या आधीच पान उघडू लागला!

काल संध्याकाळी मी हे गार्डसाहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. गार्डसाहेब आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सगळी नोकरी रेल्वेच्या शेवटच्या डब्यात झाल्यामुळे कुठलीही गोष्ट पुढे निघून गेल्यावरच तिच्याकडे बघायची त्यांना सवय.

"आधी म्हणजे किती आधी?" त्यांनी विचारलं.

"बोट खिशात असताना!"

आमची ही खिडकीशी बसून नातीसाठी टोपडं विणत होती. मान वर न करता म्हणाली, "बोट खिशात आणि चष्मा कपाळावर. मग दिसलं कसं?"

मी चष्मा खाली घेतला आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.

जुना ब्राउझर म्हणजे कचेरीतला पेन्शनीला आलेला शिपाई होता. पान मागितलं की उठायचा, अंग मोडायचा, गोल गोल फिरायचा आणि अर्धंच पान आणून टेबलावर ठेवायचा. मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे संथ यंत्राचा मला राग येत नाही. पण याला तेलही घालता येईना! मग त्या दुपारी फोन आपणहून बंद झाला, आपणहून सुरू झाला, आणि बघतो तर पत्ता लिहायची पट्टी वरून खाली, थेट अंगठ्याशी आलेली. मधेच उड्या मारणाऱ्या जाहिराती गायब. अक्षरं ठसठशीत. काल जिथं वाचायचं सोडलं, आज तिथंच पान उघडतंय.

"एवढं खरं आहे," ही म्हणाली.

संध्याकाळच्या हवामानाचं पान उघडलं, तर पाऊस नुसता दाखवला नाही, स्क्रीन ओली झाली!

"ओली?" गार्डसाहेब पुढे सरकले.

"रुमालानं पुसली मी!"

"चहा सांडला होता," ही म्हणाली.

हे सगळं मौजेचं होतं हो. पण त्याच आठवड्यात नातीच्या नावाचा निकाल लागायचा होता, आणि तिथं मौज नव्हती. नात जन्मली, घरी आली, घर डोक्यावर घेऊ लागली, तरी तिला नाव नव्हतं. मला माझ्या आईचं नाव ठेवायचं होतं. आईनं लोकांचे कपडे शिवून मला शिकवलं. आम्हाला मुलगी झाली नाही, म्हणून ते नाव मी इतकी वर्षं कपाटातल्या चांगल्या शालीसारखं जपून ठेवलं होतं. आणि व्याह्यांना हवं होतं त्यांच्या बायकोचं नाव. विहीणबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. नात बघायची राहूनच गेली त्यांची.

मी हटेना, व्याही हटेनात. दोघंही इतक्या अदबीनं भांडत होतो, की ऐकणाऱ्याला वाटावं एकमेकांचा सत्कारच चाललाय. "आपला मान मोठा, पण नाव आमचंच!" शेवटी सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि पप्पा रविवारपर्यंत काय ते ठरवा. नाहीतर मी शेजारच्या मांजरीचं नाव ठेवीन!" मांजरीचं नाव फार वाईट होतं. म्हणून आम्ही बुद्धिबळाचा एक डाव ठरवला. जो जिंकेल त्याचं नाव. व्याही दुसऱ्या गावी, तेव्हा डाव मोबाईलवरच, ब्राउझरमध्ये.

"आणि तुमचा ब्राउझर धावत सुटलेला!" गार्डसाहेब म्हणाले.

"तेच तर!"

डाव निम्म्यावर आला आणि ब्राउझरनं कमाल केली. व्याह्यांनी घोडा उचलायच्या आधी मला त्यांचा घोडा पुढच्या घरात दिसला! मी सरळ मनाचा माणूस. लगेच फोन लावला. म्हटलं, "व्याहीबुवा, घोडा पुढे आणताय, तर जपून आणा."

पलीकडून हळूच आवाज आला, "तुम्हाला कसं कळलं? मी अजून मनातच आणलाय!"

"आमच्याकडे अपडेट आलाय."

"माझ्या मनाचा?"

बिथरले हो व्याही! त्यांना वाटलं, त्यांच्या घरात मी कोणी हेर ठेवलाय. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं, पडदे ओढले, मोबाईलवर पंचा टाकला आणि पंच्याखाली डोकं घालून खेळू लागले. सकाळी त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी दार उघडलं, तर साहेब पंच्याखाली पुटपुटतायत, "उंट काढू का? उंट काढू?" बाईंनी घाबरून आमच्या सूनबाईला फोन केला. सूनबाईनं मला केला.

"बाबा, तुम्ही पप्पांना काय केलंत?"

"मी काही नाही! ब्राउझर!"

"ते जेवलेसुद्धा नाहीत. म्हणतात, व्याही मनातलं वाचतात, आता मी मनात काही आणणारच नाही!"

"वहिनी, हे खरं?" गार्डसाहेबांनी हिला विचारलं.

"ते जेवले नव्हते, हे खरं," ही म्हणाली. सुया थांबल्या होत्या. "फोनवर रडलीही पोर. पप्पांनी आईची भांडी अजून तशीच मांडून ठेवलीत म्हणाली."

मी घसा साफ केला. अशा ठिकाणी गोष्ट थांबली की गारठते.

तर रविवारी दुपारी डाव माझ्या मुठीत आला. व्याह्यांचा राजा कोपऱ्यात, पुढ्यात एकटं प्यादं, आणि माझा वजीर मोकळा. एकच चाल, की मात! आईचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात एक अतिशय मूर्ख विचार आला, तो असा, की समजा, हा वजीर मी त्यांच्या हत्तीसमोर नेऊन उभा केला तर केवढा गाढवपणा होईल! नुसता विचार हो! बोट लावलं नाही, श्वास घेतला नाही. आणि त्या नतद्रष्ट ब्राउझरनं वजीर नेऊन हत्तीसमोर उभा केला!

"अरेरे!" गार्डसाहेबांनी कपाळावर हात मारला. "मग मागे घ्यायचा!"

"मागे जायचं बटण? अपडेटमध्ये कुठं गडप झालं देव जाणे!"

हत्तीनं वजीर खाल्ला. मग माझी अशी काही पळापळ झाली, की चहाच्या वेळेपर्यंत डाव संपला. व्याह्यांचा फोन आला.

"व्याहीबुवा," म्हणाले, "वजीर उघड्यावर टाकलात?"

"मी कुठला! अपडेट!"

"अपडेट माझ्याकडेही आलाय. माझा ब्राउझर तर असलं काही करत नाही."

"तुमचा सभ्य आहे!"

ते हसले. मग हसणं मधेच कुठंतरी अडकलं, आणि त्यांनी त्यांच्या बायकोचं नाव घेतलं. एकदाच. मी म्हटलं, "छान आहे. हाक मारायला सोपं." आणि फोन ठेवला.

गार्डसाहेब तावातावानं उठले. "हे चालणार नाही! तक्रार करा! वजीर गेला, डाव गेला, आईचं नाव गेलं! कंपनीला जाब विचारा!"

"विचारणारच आहे!" मीही उठलो. "छातीवर हात ठेवून सांगतो गार्डसाहेब, त्या वजिराला मी स्पर्शसुद्धा केला नाही!"

"खोटं!"

आम्ही दोघांनी वळून बघितलं. हिनं टोपडं मांडीवर ठेवलं होतं.

"मी शेजारी बसले होते," ही म्हणाली. "वजीर तुम्ही तुमच्या बोटानं ओढत नेलात. नवा ब्राउझर फार चांगला आहे हो गार्डसाहेब, बिचाऱ्यावर नका आळ घेऊ. त्यानं यांना विचारलं, 'ही चाल नक्की?' हे 'हो' म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं."