भिंतीवरची बीअर

वर्ध्याच्या एका महाविद्यालयात रुपेश इतिहास शिकवतो. नऊ वर्षांपासून शिकवतो, आणि नऊही वर्षे तासिका तत्त्वावर. म्हणजे शासनाच्या लेखी तो अजून नोकरीला लागलेलाच नाही. दर जुलैत त्याचा जुना आदेश संपतो आणि प्राचार्यांनी सही केली तरच नवा निघतो. यंदा सहीआधी अट आली : प्रत्येकाने शनिवारपर्यंत एक 'आंतरराष्ट्रीय उपक्रम' घेऊन छायाचित्रांसह अहवाल द्यावा. परदेशी माणूस आणणे शक्य नव्हते. रुपेशने परदेशी सिनेमा आणला, सभागृहाच्या भिंतीवर दाखवायला.

सिनेमा जर्मन होता, सत्तरच्या दशकातला काळ. शिकलेली पोरं-पोरी, त्यांत एक पत्रकार बाई. आधी मोर्चे, मग बँकलूट, मग बॉम्ब, शेवटी तुरुंग. बॉम्बचं समर्थन रुपेशला करायचं नव्हतं. पण या पोरांचे आईबाप हिटलरच्या राज्यात गप्प बसले होते, आणि हिटलर गेल्यावर त्याचेच साहेब पुन्हा खुर्च्यांवर बसले तेव्हाही गप्प बसले. राग तिथून सुरू झाला, एवढं वर्गाला कळावं, इतकीच त्याची इच्छा.

प्राचार्य इला मॅडमनी विषय ऐकला आणि पोलिसांची ना-हरकत मागितली.

तपासणीला हवालदार डोमाजी आले. वही काढून त्यांनी लॅपटॉपवर सिनेमा पाहायला घेतला. पहिली बँक लुटली गेली. डोमाजींनी लिहिलं, 'हद्दीबाहेर.' छापखान्यात बॉम्ब फुटला. 'हद्दीबाहेर. तिकडे गुन्हा दाखल असावा.' दोन खून झाले, तेव्हा त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. मग पडद्यावर सगळे एका टेबलाभोवती बसले आणि डोमाजी ताठ झाले.

"थांबवा, सर. हे काय पिऊन राह्यले?"

"बीअर."

"जिल्ह्यात दारूबंदी हाय."

"साहेब, ते जर्मनीत पिऊन राह्यले."

"पिऊन तिकडे राह्यले, पण दिसून इथं राह्यले. भिंत कोणाची? कॉलेजची. कॉलेज कोण्या जिल्ह्यात?"

आपल्या जिल्ह्यात दारू मिळत नाही, ती घरपोच येते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण भिंतीवर ती उघड दिसली असती.

रीतसर पंचनामा झाला. ग्लास सतरा, बाटल्या नऊ, फेस अंदाजे. पंच म्हणून मुख्य लिपिक अण्णाजी आणि ग्रंथपाल हरिदास यांनी सह्या केल्या. दोघांनीही सिनेमा पाहिला नव्हता. पाहायची अट घातली तर या देशात पंच मिळणार नाहीत.

रुपेशने बीअरचे प्रसंग कापले. पण त्या पोरांचा सगळा वाद, सगळं पटणं-न पटणं बीअरवरच चालायचं, त्यामुळे बोलणंही कापलं गेलं. उरलेल्यात मोर्चे होते. मॅडम म्हणाल्या, "घोषणा नकोत, पोरं लगेच पाठ करतात." मोर्चे गेले. पत्रकार बाई सिगारेट ओढत लिहायची. सिगारेट काढता येईना, म्हणून बाई काढली. तुरुंगातलं उपोषण मात्र मॅडमना फार आवडलं. "हे ठेवा. हे आपल्या जिल्ह्यातलंच वाटतं."

अडीच तासांचा सिनेमा एकोणीस मिनिटांचा झाला. त्यात तीन बँका, चार बॉम्ब आणि एक उपोषण. कार्यक्रमाचं नाव ठरलं, 'व्यसनमुक्ती व आत्मक्लेश : जर्मन तरुणांचा आदर्श'.

शनिवारी हजेरी लागणार असल्यामुळे सभागृह भरलं. सिनेमा संपल्यावर मॅडमनी मुलांना सांगितलं की या तरुणांनी काहीही केलं असेल, पण व्यसनाला हात लावला नाही. डोमाजींनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले. अहवालासोबत रुपेशचा आदेशही टेबलावर आला आणि मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात मागून मोनाली उठली. आंजीहून एसटीने येणारी दुसऱ्या वर्षाची पोरगी.

"सर, एक इचारू? पिल्याबिगर हे लोकं एवढे काऊन चिडले होते?"

सभागृह हसलं. मोनाली हसली नाही, ती उभीच राहिली. रुपेशला उत्तर येत होतं. नऊ वर्षांत कोणी त्याला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. त्याने मॅडमकडे पाहिलं. पेन कागदावर टेकून थांबलं होतं.

"ते परीक्षेले नाई. बस खाली," रुपेश म्हणाला.

पेन चाललं. मोनाली बसली.

आता वाचक महाशय, मान हलवून रुपेशला भेकड म्हणू नका. पेन थांबलं तेव्हा तुम्ही काय म्हणत होता, ते आठवा. बोलू नको रे बाबा, आधी सही होऊ दे, हेच ना? त्या जर्मन पोरांचे आईबापही अगदी हेच म्हणाले होते.