उरलं ते पाणी

पाणी आणि औषध या दोन गोष्टी वाया घालवणाऱ्याचं भलं होत नाही, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. (जुनी माणसं दोन्ही वाया न घालवताही गेली, पण तो आजचा विषय नाही.) या दोन्ही बाबतींत काटकसरीचा आदर्श घालून देणारं एक घर पैठण रस्त्याला, चितेगावच्या अलीकडे आहे. त्या घराचं यथोचित कौतुक अद्याप कुणी केलेलं नाही. ते काम आम्ही अंगावर घेतलं आहे.

घर सूर्यभानचं. चालतं मात्र त्याच्या आईच्या, आवडाबाईंच्या हुकमानं. या घराण्यात पिढ्यानपिढ्या मेंढरं होती. मग चराईच्या रानात कारखाने उगवले, उरलेल्या रानात प्लॉट पडले, आणि प्लॉटच्या हद्दीचे दगड मेंढरांना खाता येत नाहीत हे लक्षात आल्यावर सूर्यभाननं मेंढरं विकून हजार कोंबड्यांची शेड टाकली. शहर वाढत होतं. वाढत्या शहराला दर रविवारी कोंबडीचीच भूक लागते, हे त्यानं बरोबर हेरलं.

त्याच सुमारास पाऊस बंद पडला. एक वर्ष नाही, लागोपाठ. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई. (शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. नाव बदललं, नळाचा स्वभाव नाही.) चितेगावकडे टँकर येई, आणि तो त्याच्या मनाला येईल तेव्हा येई. अशा काळात आवडाबाईंनी आपल्या घरापुरती जलनीती आखली. सरकारची जलनीती आम्ही वाचलेली नाही, पण ती इतकी सुटसुटीत नसावी. आवडाबाईंच्या नीतीला कलम एकच होतं: पाणी फेकायचं नाही.

औषधाचं खातं शिवशंकरकडे. हा कोंबड्यांचं खाद्य आणि औषधं विकणारा तरुण मोटारसायकलवरून येई. जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी त्याच्याकडे नव्हती, पण बॅग होती, आणि ती पदवीपेक्षा जड होती.

"आजारी पडल्यावर औषध द्यायचं ही अडाणी पद्धत हाय मामा," तो सूर्यभानला सांगे. "आपुन आधीच देऊन ठिवायचं. आजार येतो, आत डोकावतो, आन् माघारी जातो."

औषध टाकीतल्या पाण्यात कालवायचं. माप बाटलीच्या झाकणाचं. एरवी एक झाकण. पिल्लांनी माना टाकल्या तर दोन. शेजारच्या शेडमध्ये मर लागल्याची नुसती आवई उठली तर अडीच. (अर्धं झाकण कसं भरायचं यावरून मायलेकांत अबोला होई.) शिवाय कोंबड्या वजनाला बऱ्या भरत. त्यामुळे औषधाच्या गुणाबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही.

उरलं ते पाणी. कोंबड्यांचं पिऊन झालं की भांड्यांत थोडंफार राहायचंच, आणि ते फेकायची आवडाबाईंच्या राज्यात कुणाची छाती नव्हती. सबब, त्याची वाटणी पुढीलप्रमाणे होई. टाकीच्या तळाचं जरा नितळ पाणी भांडी घासायला आणि अडीनडीला डाळ शिजवायला. शेडमधल्या भांड्यांतलं, ज्यावर पिसं तरंगत, ते शेळ्यांना. शेळ्यांनी नाक मुरडलेलं अंगणातल्या गावरान कोंबड्यांना. त्यांनी पाय घालून गढूळ केलेलं मेथीच्या वाफ्याला. आणि वाफ्याकडे नेता नेता त्यातलंच तांब्याभर आवडाबाई स्वतःच्या पायांवर ओतून घेत, कारण पाय धुतल्याशिवाय चुलीपाशी जाणं त्यांना पटत नसे.

आम्ही त्यांचे रविवारचे गिऱ्हाईक, शहरातल्या छावणी भागातून स्कूटरवर जाणारे. एकदा भीत भीत विचारलं, "आजी, त्यात औषध असतं ना?"

आवडाबाईंनी आमच्याकडे कीव करून पाहिलं. "औषध कोंबड्यांनी पिलं न्हवं का? उरलं ते पाणी."

या युक्तिवादातली चूक जागच्या जागी दाखवून देणाऱ्यास एक गावरान कोंबडी बक्षीस देण्याचं आम्ही तेव्हा मनाशी ठरवलं होतं. अजून कुणी पुढे आलेलं नाही.

गावरान कोंबडीचं निघालं म्हणून सांगतो. शहरातल्या सुशिक्षित वर्गाला याच काळात आरोग्याची जाणीव झाली. शेडमधली कोंबडी औषधावर वाढते असं मोबाइलवर वाचून लोक हादरले आणि मोटारी काढून चितेगावच्या रस्त्याला लागले. तिथं ते शेडकडे पाठ करून उभे राहत, आणि अंगणातल्या कोंबडीकडे बोट दाखवून विचारत, "हिला औषध-बिषध काही?"

"माज्या हातानं दिलं आसंल तर हात झडंल," आवडाबाई सांगत. हे शंभर टक्के खरं होतं. दिलेलं नव्हतंच. लोक समाधानानं दुप्पट पैसे मोजून कोंबडी नेत आणि घरी गेल्यावर चवीतला फरक ताबडतोब ओळखत.

आता जंतूंकडे वळू. शहरात क्रांती चौकाच्या आजूबाजूला तेव्हा क्लासच्या पाट्याच पाट्या लागल्या होत्या, पण निकालाच्या बाबतीत त्यातला एकही सूर्यभानच्या शेडच्या पासंगाला पुरला नसता. चांगला क्लास पोराला पहिल्या दिवशी अवघड पेपर देत नाही. रोज थोडं थोडं, पचेल इतकंच देतो. जंतूंना एकदम भरपूर औषध मिळालं असतं तर सगळेच गारद झाले असते. झाकणानं मिळाल्यामुळे कच्चे तेवढे गेले आणि पक्के राहिले. पक्क्यांना पोरंबाळं झाली, ती बापावर गेली. एका औषधाला शेड दाद देईनाशी झाली की शिवशंकर बॅगेतून वरच्या वर्गाचं काढी. (राहणं, खाणं, पाणी फुकट. दुष्काळात एवढी सोय माणसांच्या क्लासमध्येही नव्हती.)

त्या उन्हाळ्यात शेडच्या जाळीची तुटकी तार आवडाबाईंच्या पायाच्या करंगळीला लागली. त्यांनी हळद भरली आणि नेहमीच्या पाण्यानं पाय धुणं चालू ठेवलं. पाय सुजला. मग घरात औषध असताना डॉक्टर कशाला, या विचारानं त्यांनी कोंबड्यांचंच एक झाकण घेतलं. जंतू बहुधा हसले असावेत. ते औषध त्यांनी बालवाडीत संपवलं होतं. सूज घोट्याच्या वर चढली, अंगात ताप मुरला, बाई बरळू लागल्या आणि तापाच्या भरात "टाकी झाका, टाकी झाका" म्हणू लागल्या. सूर्यभाननं त्यांना रिक्षात घालून शहरात दवाखान्यात आणलं. आम्हीही गेलो. त्या बाईंवर आमचा जीव आहे, आणि त्या दिवशी आम्ही फार घाबरलो होतो.

तिथल्या डॉक्टर सुकेशनी मॅडमनी पू तपासायला पाठवला. दोन दिवसांनी सूर्यभानला बोलावून घेतलं. "बारा औषधं लावून बघितली. अकरांना हा जंतू जुमानत नाही. पाळता काय तुम्ही घरी?"

"कोंबड्या."

मॅडमनी डोळे मिटले, उघडले, आणि शेडमध्ये काय झालं असेल ते त्याला समजेल अशा शब्दांत सांगितलं. सूर्यभान बाहेर पायरीवर येऊन बसला. त्याचा थोरला दहावीला तिसऱ्यांदा बसायच्या तयारीत होता.

"माज्या पोराला एक गनित सुटंना भाऊसाहेब," तो म्हणाला, "आन् ह्यो अकरा इषयांत पास?" आणि उपरण्यात तोंड घालून रडू लागला. हसावं की रडावं ते आम्हाला कळेना. आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो.

बाराव्या औषधानं काम केलं. करंगळी गेली, पाय राहिला. सुया संपल्यावर मॅडमनी त्याच औषधाच्या गोळ्या दिल्या आणि आवडाबाईंचा हात हातात घेऊन सांगितलं, "आजी, बरं वाटलं तरी यातली एकही गोळी चुकवायची नाही. चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. हे औषध आम्ही अगदी शेवटासाठी राखून ठेवलेलं असतं. याच्यापुढं माझ्याकडं काही नाही."

आवडाबाई खूश झाल्या. "राखून ठिवलंय व्हय! शानी हायस बाई," त्या म्हणाल्या. काटकसरीचं माणूस काटकसरीच्या माणसाला ओळखतं.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी त्या काठी टेकत अंगणात आल्या. सहाव्या दिवशी काठी सोडली. ताप नाही, ठणका नाही, आणि समोर पट्ट्यांमध्ये महागाच्या गोळ्या पडलेल्या. तिकडे शेडमध्ये पिल्लं घरघरू लागली होती आणि शिवशंकर फोन उचलत नव्हता. आवडाबाईंनी गोळ्या पाट्यावर बारीक वाटल्या आणि टाकीत कालवल्या.

"आये, ती तुजी औषधं व्हती!" सूर्यभान ओरडला.

"माजं औषध मी पिले, बरी झाले," त्या म्हणाल्या. "उरल्या त्या नुसत्या गोळ्या. फेकू का मंग?"

पिल्लं चार दिवसांत टुणटुणीत झाली. (ती नुसत्या उबेनंही झाली असती, पण उबेचं नाव कोण घेतो?) शिवशंकर आला तेव्हा त्यानं टाकीशेजारची रिकामी पट्टी उचलली, मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि "पुढच्या हप्त्यात ह्येच आणतो मामा," असं सांगून गेला. बाराव्या विषयाची शिकवणी अशा रीतीनं रीतसर सुरू झाली. आवडाबाईंची तब्येत तशी ठीक आहे. संध्याकाळी पाऊल जरा गरम लागतं, पण ते उन्हामुळे, असं त्या म्हणतात. आम्ही त्यांना मॅडमकडे चला म्हणतो आहोत. त्या म्हणतात, टँकर येऊन जाऊ द्या.

तुम्ही हे वाचताना अधूनमधून हसलात, हे आम्हाला दिसलं. अडाणी बाई, तिला कुठलं कळायला, असंही मनात आलं असेल. हरकत नाही. आता एवढंच करा. उठा, आणि फ्रिजच्या दारातला किंवा कपाटातला तो डबा उघडा, ज्यात थर्मामीटर आणि खोकल्याची चिकट बाटली असते. तळाशी एक पट्टी सापडेल. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितलं होतं, तुम्हाला तिसऱ्या दिवशीच बरं वाटलं. फेकवलं नाही, म्हणून ठेवलीत. आवडाबाईंनी आपल्या उरलेल्या गोळ्या निदान कोंबड्यांना दिल्या. तुमच्या पट्टीतल्या चार गोळ्या घरात पुढचा ताप ज्याला येईल त्याच्यासाठी आहेत, आणि तो कुणाला येईल ते नावही तुम्ही मनात धरूनच ठेवलं असेल.