एर्गाशच्या काट्यावरची बॅग

मार्गिलानच्या बाजारात एर्गाशचं सुक्या मेव्याचं दुकान होतं आणि दुकानात एक वजनकाटा होता. हा काटा गिऱ्हाइकाच्या किलोत थोडी हवाही मोजायचा. ही गोष्ट जगात फक्त एर्गाशला ठाऊक होती, बायको सालोमतलाही नव्हती.

मुलगी कझानला बाळंत झाली तेव्हा दुकान पुतण्यावर सोपवून दोघांनी नातवाला बघायला जायचं ठरवलं. विमानात दोघंही पहिल्यांदाच बसणार होते. सल्ल्याचं काम निवृत्त शिक्षक नुरिद्दीन दोमलांकडे, म्हणजे गुरुजींकडे, आपसूक गेलं, कारण ते दोनदा बसले होते. तिकिटावरचं नाव पासपोर्टाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, जड कोट अंगावरच घाला, सुरी हातातल्या पिशवीत ठेवू नका, असं ते रोज येऊन सांगत.

निघायच्या दिवशी दोमला त्या दोघांची बॅग उचलून थेट दुकानात आले. मागे निम्मी गल्ली होती.

"तेवीस किलोच्या वर एक बेदाणा चालत नाही," ते म्हणाले. "चढवा काट्यावर. तुमच्यासारखा काटा अख्ख्या बाजारात नाही."

हे मात्र खरं होतं.

काटा सव्वीसवर जाऊन थांबला. बॅग तेवीसच्या वर नाही हे एर्गाशला पक्कं माहीत होतं, पण बोलायचं कोणत्या तोंडानं? थोडं इकडंतिकडं चालतं, असं तो पुटपुटला. दोमलांनी मुळीच चालत नाही म्हणून बजावलं. मग अक्रोड निघाले, जर्दाळू निघाले, आणि तरी काटा तेवीसवर येईना तेव्हा सालोमतनं नातवाच्या पाळण्यासाठी हिवाळाभर शिवलेली गोधडी बाहेर निघाली.

"अहो, काहीतरी करा ना," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी तर चाललेय मी."

एर्गाशनं गोधडीकडं पाहिलं, मग गल्लीतल्या गिऱ्हाइकांकडं पाहिलं. "नियम म्हणजे नियम," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

विमानतळावर सगळी गल्ली पोचवायला आली. काउंटरवरच्या मुलीनं बॅग वजनाच्या यंत्रावर ठेवायला लावली. आकडा उमटला, वीस.

"तुमचं यंत्र बिघडलंय, पोरी," दोमला म्हणाले. "आमच्या एर्गाशचा काटा आम्ही वर्षानुवर्षं बघतोय."

पोरीनं बॅग शेजारच्या काउंटरवर ठेवायला लावली. तिथंही वीसच. मागं कुजबुज सुरू झाली. दोमलांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नाला पोतंभर बदाम एर्गाशकडूनच नेले होते. त्यांनी तो आकडा पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी काखेतलं बोचकं सोडलं. ऐनवेळी कुणाला दया आलीच तर असू दे, म्हणून ते गोधडी घेऊन आले होते.

"घाला," ते सालोमतला म्हणाले. "जागा आहे."

विमानात सालोमतनं खिडकीकडं तोंड फिरवलं, ते कझानपर्यंत.

महिन्याभरानं दोघं परतले तेव्हा शेजाऱ्यांनी टॅक्सीतून बॅग उतरवली, आणि घरी न नेता थेट दुकानातल्या काट्यावर ठेवली. बॅगेला विमान कंपनीची चिठ्ठी लटकत होती. तिच्यावर वजन होतं, वीस किलो. एर्गाशनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा काटा वीसवर होता.

"दुरुस्त करून घेतला," दोमला म्हणाले. "तुम्हाला धंद्याच्या गडबडीत वेळ कुठला मिळणार?" मग त्यांनी पिशवी पुढं केली. "एक किलो पिस्ते द्या."

एर्गाशनं पिस्ते मोजले. पिशवी देताना ती त्याच्या हाताला चांगलीच जड लागली.