सिग्नलऐवजी सत्कार

ज्या कामाचे पैसे द्यायचे नसतात त्या कामाचा गौरव करावा लागतो, हा सार्वजनिक जीवनाचा पाया आहे. गौरवाला खर्च कमी येतो, तो वर्षातून एकदाच करावा लागतो आणि करणाऱ्याचाही फोटो निघतो. याच उदात्त विचारातून प्रभाग कार्यालयाने निःस्वार्थ सेवक पुरस्कार समिती नेमली. तिच्यात अकरा सदस्य आहेत. (त्यांना बैठकीचा भत्ता मिळतो. दुसऱ्याचा निःस्वार्थपणा ओळखायचा तर आपलं डोकं शांत लागतं.) पहिल्या वर्षी तीन पुरस्कार होते. कुणाचं मन दुखावू नये म्हणून ते वाढवत वाढवत छत्तीसवर नेले. सेवक काही त्या वेगाने वाढेनात. मग एका रक्तदात्याला तीन पुरस्कार घ्यावे लागले, त्यातला एक पर्यावरणासाठी होता.

यंदाच्या मुख्य पुरस्काराला मात्र एकमताने नाव ठरलं: शिट्टीकाका.

शिट्टीकाका म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर. शाळेसमोरचा रस्ता मोठा केला तेव्हा मुलांनी तो ओलांडायचा कसा, एवढा एक तपशील राहून गेला होता. त्या सुमारास काका नातीला शाळेत सोडायला गेले आणि मालट्रकपुढे धावलेल्या कुणाच्या तरी पोराला त्यांनी कॉलर धरून मागे ओढलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिट्टी विकत घेतली. "सिग्नल बसेपर्यंत चार दिवस उभा राहतो," ते काकूंना म्हणाले. त्या चार दिवसांना आता सहा वर्षं झाली. नात कॉलेजात गेली, काका मात्र अजून शाळेसमोरच होते.

या सहा वर्षांत काकांचा उजवा गुडघा कामातून गेला. डॉक्टरांनी तो बदलायला सांगितला आणि वर बजावलं, की नंतर तीन महिने असं रस्त्यात उभं राहायचं नाही. काकांनी ऑपरेशनची तारीख दोनदा घेतली आणि दोनदा रद्द केली, कारण बदली माणूस मिळेना. पालकांना विचारावं, तर प्रत्येक जण हात जोडून म्हणायचा, "काका, तुमच्यासारखं आम्हाला कुठलं जमायला!" (हे वाक्य प्रत्येक नागरिकाने पाठ करून ठेवावं. समोरच्याचा मान राहतो आणि आपली सकाळही वाचते.)

काकू चिडायच्या. "एवढी पोरं हाताखालून गेली म्हणता ना? त्यांचे आईबाप येतील हो धावून. तुम्ही पडलात की फोटो काढायला येतील!"

तेव्हा काका सिग्नल मागायला प्रभाग कार्यालयात गेले. साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि नियम समजावून सांगितला.

"काका, सिग्नलसाठी किमान पाच अपघात लागतात. तुमच्या चौकात सहा वर्षांत शून्य."

"अहो, मी उभा असतो म्हणून शून्य!"

"तेच म्हणतोय मी. तुम्ही असताना सिग्नल कशाला?"

"आणि मी नसलो तर?"

"तर अपघात होतील, आणि मग आम्ही तातडीने विचार करू." साहेब माणूस प्रेमळ होता. त्याला काकांचा चेहरा बघवेना. "असं करतो," तो म्हणाला, "तुमचं नाव पुरस्काराला पाठवतो."

त्या वर्षी हाती असलेला एकुलता एक सिग्नल कार्यालयाच्याच फाटकासमोर बसवण्यात आला. तिथे शिट्टी घेऊन उभं राहायला एकही निःस्वार्थ माणूस मिळाला नव्हता.

सोहळा शनिवारी सकाळी होता. स्वागतगीत गायला त्याच शाळेची मुलं आणायची होती, त्यामुळे आधी काकांनी त्यांना रस्ता ओलांडून बसपाशी नेलं आणि मग रिक्षा करून ते स्वतःच्या सत्काराला पोहोचले. मंचावर एकवीस खुर्च्या होत्या. अकरांवर समिती बसली, दहांवर पाहुणे. सत्कारमूर्तींना मागे उभं केलं होतं. (सेवेची सवय असलेल्या माणसाला बसवलं तर तो अवघडतो, असा समितीचा अनुभव आहे.) दोन तास भाषणं झाली. मुख्य पाहुण्यांनी काकांना समाजाचा कणा म्हटलं. गुडघ्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

शेवटी पितळी शिट्टीच्या आकाराचं मानचिन्ह काकांच्या हातात ठेवलं आणि त्यांना दोन मिनिटं बोलायला दिली. काका माइक धरून उभे राहिले.

"मला हे नको," ते म्हणाले. "मला सिग्नल हवाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतका विनम्र माणूस त्या सभागृहाने पाहिला नव्हता.

"अहो, खरंच सांगतोय. माझा गुडघा संपलाय. परवा सोमवारी ऑपरेशन आहे. सोमवारपासून मी येणार नाही. पोरं कशी ओलांडणार, ते तुम्ही बघा. पाया पडतो तुमच्या, कुणीतरी बघा!"

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. पुढच्या रांगेतल्या बायका रुमालाने डोळे टिपत होत्या. निवेदक गहिवरून म्हणाला, "बघा, अशा क्षणीही काकांना काळजी आहे ती फक्त मुलांची!" मग त्याने सर्वांना अल्पोपाहाराचा लाभ घेण्याची विनंती केली. काकू तेवढ्या खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. त्यांनी टाळ्याही वाजवल्या नाहीत, आणि हे काही जणांना खटकलं.

सोमवारी काका खरोखरच आले नाहीत. शाळेसमोर चाळीस-पन्नास पालक आपापल्या मुलांचा हात धरून वाट बघत होते. इतके धडधाकट प्रौढ त्या चौकात एका वेळी कधी जमले नव्हते. "काकांना उशीर कसा झाला?" असं ते एकमेकांना विचारत होते. शाळेची घंटा झाली तशी ढकलाढकल सुरू झाली. दुसरीतल्या एका मुलीचा आईच्या हातातून हात सुटला आणि मोटारसायकलने तिला उडवलं. हात दोन ठिकाणी मोडला. जीव वाचला.

दुपारपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संतापाची लाट उसळली. "पुरस्कार मिळाला की माणसं बदलतात." "निदान कळवायचं तरी!" "डोक्यात हवा गेली, दुसरं काय!" एका वडिलांनी पुरस्कार परत घेण्याची मागणी केली. तिला चौऱ्याऐंशी अंगठे मिळाले.

इस्पितळात काका शुद्धीवर आले तेव्हा काकूंनी त्यांना काही सांगितलं नाही. पण भेटायला आलेल्या शेजाऱ्याने सांगितलंच. (तो सांगायलाच आला होता.) काका उठायला लागले. पायाला बांधलेलं, हाताला सलाईन, आणि हे उठतायत.

"कुठे निघालात?" काकूंनी त्यांचे खांदे दाबून धरले.

"तिचा हात मोडला गं. दुसरीत आहे ती. मला ओळखते ती."

"तिथे पन्नास जण उभे होते! पन्नास! तुम्ही एकटेच जन्माला आलात का रस्ता ओलांडून द्यायला?" असं म्हणता म्हणता काकूच रडायला लागल्या.

प्रभाग कार्यालयाने घटनेची ताबडतोब नोंद घेतली. चौकातल्या अपघातांची संख्या शून्यावरून एकवर आली आहे, म्हणजे सिग्नलच्या दिशेने सहा वर्षांतली ही पहिलीच प्रगती. आता फक्त चार कमी पडतात.

तोवर जागा रिकामी ठेवणं बरं नव्हे, म्हणून समितीने पुढच्या वर्षीच्या मुख्य पुरस्कारासाठी आतापासूनच सेवकाचा शोध सुरू केला आहे. वेळ सकाळी सात ते साडेआठ. शिट्टी स्वतःची आणावी लागेल. वाचकांपैकी कुणाच्या ओळखीत असा माणूस असेल तर त्याचं नाव कळवावं. आपण स्वतः यावं असं कुणीही म्हणत नाही. आपल्याला सकाळी किती घाई असते, याची समितीला पूर्ण कल्पना आहे, आणि काकांची हकिगत शेवटपर्यंत वाचून आपल्याला वाईट वाटलं, एवढं योगदान आपल्याकडून समितीने धरलेलंच आहे.