वीसचा पट

आमच्या अंगणवाडीत टॅबवर वजाबाकीचा पाठ लागला, की पोपट सांगेल तेवढी मुलं वर्गातून कमी होतात. बेरजेचा पाठ लागला की परत येतात. शहरातल्या एका संस्थेने दिवाळीनंतर आम्हाला चार टॅब दिले, तेव्हापासून हे चालू आहे. पोपट टॅबमध्येच असतो आणि मुलांना शिकवतो.

पहिल्या दिवशी गावात बोंबाबोंब झाली. पाचातून दोन गेले, उरले तीन, असं पोपट म्हणाला आणि दोन मुलं बसल्या जागी राहिली नाहीत. चपला मात्र दारात तशाच. पण तासाभरात बेरीज झाली आणि खिचडीच्या आधी दोघंही येऊन बसली. पोपट शाब्बास म्हणाला. कुणाला खरचटलंही नव्हतं. मग माणसं सरावली. माणसं कशालाही सरावतात. काही आया तर सकाळीच सांगायला लागल्या, "बाई, आज आमचं पैलं कमी करा. रातभर किरकिर केलीय त्यानं."

वाचनाचा पाठ निरुपद्रवी निघाला. अ अननसाचा म्हटल्यावर अननस येत नाही. मी दोन दिवस वाट पाहिली.

जानेवारीतल्या एका गुरुवारी पाचातून एक गेलं. ती कार्तिकी होती, शिवकांताची एकुलती एक, टॅबची काच थुंकी लावून पुसणारी. बेरीज सुरू होण्याआधी लाइट गेली आणि टॅबने मान टाकली. शिवकांता मुलीला न्यायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, उद्या सकाळी पहिली बेरीज तिचीच.

"म्हंजी आजची रात तिथंच?" ती म्हणाली. "तिथं अंधार असंल का, बाई?"

मला माहीत नव्हतं. मी नसेल म्हणाले.

शुक्रवारी लाइट आली. टॅब चालू झाला की आधी हजेरी मागतो. इथे मी चूक केली, ती सरळ सांगते. त्या दिवशी पर्यवेक्षिका लोहकरे मॅडम येणार होत्या. एक मूल हरवलंय असं दिसायला नको, म्हणून मी कार्तिकीला हजर दाखवलं. आणि मुक्ताला गैरहजर.

आता मुक्ता कोण, तेही सांगायला हवं. आमच्या वस्तीवर मुलं एकोणीस. पट विसाच्या खाली गेला तर अंगणवाडी पलीकडच्या गावाला जोडणार, असं ऐकलं होतं. ओढा ओलांडून तीन किलोमीटर एवढाली लेकरं कोण पाठवणार? म्हणून दोन वर्षांपूर्वी मी पटावर एक नाव वाढवलं. नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. माझं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं. त्याच्यासाठी ठरवलेलं नाव पडून होतं, तेच लिहिलं. आणि रोज हजर असणारं मूल डोळ्यांवर येतं, म्हणून दर शुक्रवारी तिला गैरहजर दाखवायचं, ही माझी पद्धत.

पोपटाकडून कालचं एक मूल यायचं बाकी होतं आणि हजेरीत गैरहजर एकच नाव होतं. पोपट म्हणाला, एकोणीस अधिक एक बरोबर वीस. मी दाराकडे पाहिलं. पाचेक वर्षांची एक मुलगी उंबऱ्यात उभी होती. अंगात मी तेव्हा शिवलेलं झबलं होतं, जेमतेम बेंबीपर्यंत पोचणारं. नाक थेट माझ्या सासूचं.

"बाई, मी कुठं बसू?" तिने विचारलं.

मी तिला टॉवेल गुंडाळला आणि कार्तिकीच्या जागेवर बसवलं. दुसरी रिकामी जागा नव्हती.

दुपारी लोहकरे मॅडम आल्या तेव्हा शिवकांता दारातच होती. मॅडमनी टॅब पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"तुमची मुलगी हजर आहे," त्या म्हणाल्या.

"मंग दावा की मला."

"हजर मुलाला परत आणता येत नाही, बाई. ते आलेलंच असतं."

शिवकांता दारातच बसून राहिली. मॅडमनी मला आत धान्याच्या कोठीपाशी नेलं. त्या वाईट बाई नाहीत. हळू आवाजात बोलल्या.

"वीसचे वीस भरले, म्हणून बेरजेचा पाठ आता बंद झालाय. तो पुन्हा उघडायला दुरुस्तीचा अर्ज लागतो. शुक्रवारची हजेरी खोटी होती, असं तुम्ही लिहून द्यायचं. मग वरून माणूस येईल, पटावरची वीसच्या वीस घरं फिरेल. ज्या नावाचा जन्माचा दाखला घरात नाही, ते नाव पटावरून कमी होईल. मग या बाईंची मुलगी येईल."

"आणि जे नाव कमी होईल, ते मूल?"

"पटावरून कमी झालेल्याची बेरीज नसते," मॅडम म्हणाल्या. "अंगणवाडीचं काय होईल, तेही तुम्हाला कळतंच आहे." त्यांनी अर्ज माझ्या हातात दिला. "एका सहीचं काम आहे. तुमचं तुम्ही ठरवा."

त्या दिवशी मी मुक्ताला घरी नेलं. नवऱ्याने तिच्या नाकाकडे बराच वेळ पाहिलं आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी तिला दिली. रात्री ती माझ्या मांडीवर झोपली. तिचं डोकं जड होतं, गरम होतं. मला इतकं बरं वाटलं की माझीच मला भीती वाटली.

याला आता पाच आठवडे झाले. शिवकांता रोज येते. "बाई, आज तरी व्हईल का बेरीज?" मी सांगते, अर्ज वर गेलाय. अर्ज माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली आहे. शिवकांताचं तोंड पाहिलं की आज सही करायचीच असं ठरवते, आणि संध्याकाळी मुक्ताची वेणी घालायला बसले की ते राहून जातं. मला लाज वाटते. पण लाज वाटून सही होत नाही, हे मला या पाच आठवड्यांत कळलं.

परवा शिवकांताने एक पिशवी आणली. आत कार्तिकीचा निळा फ्रॉक होता, धुऊन घडी घातलेला.

"तुमच्या त्या पोरीला धडका कपडा न्हाई," ती म्हणाली. "थंडी हाय. कार्तिकी येईस्तोवर घालू द्या. आली की काढून घीन."

मी तो मुक्ताच्या अंगात घातला. बरोबर बसला.

शिवकांता निघाली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "हजेरी घ्या की," ती म्हणाली. "तिचं नाव तेवढं ऐकते अन् जाते."

मी टॅब उघडला. एकेक नाव घेत गेले, मुलं हजर म्हणत गेली. कार्तिकीचं नाव आलं, तेही पुकारलं. शिवकांताचे ओठ हलले. मी एखादं मूल उत्तर देईल एवढा वेळ थांबले आणि हजर दाबलं.